फुटबॉल मॅनेजरमध्ये करारापूर्वी खेळाडूची पारख कशी करावी

फुटबॉल मॅनेजर हा क्लब चालवण्याचा संगणकीय गेम खेळताना एखादी खरेदी फसते, तेव्हा तिच्यामागे बहुधा पैशांची चणचण नसते, घाई असते. ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा ठरावीक काळ, उघडते, 19 वर्षांच्या एका विंगरच्या नावापुढे साडेचार तारे दिसतात, शेजारी ‘वंडरकिड’, म्हणजे असामान्य गुणवत्तेचा तरुण, असा शेरा असतो आणि त्याच दिवशी बोली लावली जाते. पुढच्या हंगामात तो बाकावर बसून भलेमोठे वेतन घेत असतो आणि त्याला विकत घ्यायला कोणी पुढे येत नाही. अशा वेळी स्काउट, म्हणजे खेळाडू पाहून अहवाल देणारा क्लबचा माणूस, चुकलेला असतोच असे नाही. त्याने जेवढे सांगितले, त्यापेक्षा बरेच जास्त आपण गृहीत धरलेले असते.

करारापूर्वीच्या स्काउटिंगचा हेतू माझ्या मते एकच आहे: खेळाडूबद्दल आपल्याला नेमके काय माहीत नाही ते ओळखणे आणि पणाला लागणाऱ्या रकमेच्या मानाने ते अज्ञान कमी करत नेणे. फुकट मिळणाऱ्या राखीव गोलरक्षकासाठी अर्धामुर्धा अहवाल पुरतो. ज्याच्यावर क्लबचा वर्षभराचा निधी खर्च होणार आहे, त्याच्यासाठी पूर्ण अहवालही पुरत नाही. पुढील सर्व पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत आणि त्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हने तयार केलेल्या, सेगाने प्रकाशित केलेल्या फुटबॉल मॅनेजर मालिकेला धरून आहेत. पडद्यांची नावे आणि मांडणी आवृत्तीगणिक बदलतात. 2023 च्या आवृत्तीत संघाची आखणी करण्याचा स्क्वॉड प्लॅनर आला आणि 2026 च्या आवृत्तीत युनिटी इंजिनवर सगळा इंटरफेसच नव्याने उभा राहिला; परंतु पारख ज्या आकड्यांवर चालते, त्यांची मूळ रचना बरीच स्थिर राहिली आहे.

आकड्यांच्या मागचे आकडे

खेळाडूच्या पानावर दिसणारे तांत्रिक, मानसिक आणि शारीरिक गुण 1 ते 20 या मापात असतात. त्यांच्या मागे 200 पर्यंत जाणारे दोन छुपे आकडे असतात: सध्याची क्षमता, म्हणजे सीए, आणि संभाव्य क्षमता, म्हणजे पीए. सीए ही सर्व गुणांची साधी बेरीज नसते. खेळाडूच्या जागेनुसार प्रत्येक गुणाचे वजन ठरलेले असते. सेंटर बॅकचे फिनिशिंग चांगले असले, तरी त्याच्या सीएमध्ये त्याचा वाटा नगण्य असतो. त्याचे मार्किंग किंवा पोझिशनिंग मात्र त्यात मोठी जागा घेते. दुसरा पाय बळकट असला, तर तोही सीएचा काही भाग खर्च करतो. म्हणूनच सारख्याच सीएचे दोन मिडफिल्डर मैदानावर अगदी भिन्न वागू शकतात आणि त्यांच्यापैकी एकच तुमच्या डावपेचांना उपयोगी पडतो.

पीए ही मर्यादा आहे, हमी नाही. खेळाडू तिथपर्यंत पोहोचेल की नाही, हे त्याची व्यावसायिक वृत्ती, महत्त्वाकांक्षा, सामन्यांतील वेळ, प्रशिक्षणाचा दर्जा आणि दुखापती ठरवतात. यातली फारशी ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी की, काही तरुण खेळाडूंना डेटाबेसमध्ये ठरावीक पीए दिलेलाच नसतो. तिथे उणे चिन्हाचा एक संकेतांक असतो आणि नवा गेम सुरू होताना त्या संकेतांकाच्या पट्ट्यातून एक आकडा निवडला जातो. उणे 9 म्हणजे साधारण 150 ते 180 असा मोठा पट्टा. त्यामुळे इंटरनेटवरील वंडरकिडच्या याद्या पाहून केलेली खरेदी दुसऱ्या कोणाच्या गेममधील माहितीवर आधारलेली असते. तुमच्या गेममध्ये तोच मुलगा कमाल 152 वर थांबणारा असू शकतो. शिवाय हे आकडे अखेर माणसांनी खऱ्या सामन्यांवरून केलेले अंदाज आहेत. ते गांभीर्याने केले जातात, आणि 2008 मध्ये एव्हर्टनने या डेटाबेसचा वापर करण्याचा करारही केला होता; पण याच निर्मात्यांच्या चॅम्पियनशिप मॅनेजर 01/02 या जुन्या गेममधील चेर्नो साम्बा या तरुण स्ट्रायकरसारखी उदाहरणे पाहिली की, संभाव्यतेवर किती भार टाकावा याचे भान येते. गेममध्ये तो गोलांचा पाऊस पाडत असे. प्रत्यक्षातील त्याची कारकीर्द त्या उंचीच्या जवळपासही गेली नाही.

नवा गेम उघडताना दोन गोष्टी तपासाव्यात. खेळाडूंचे गुण झाकून ठेवणारे ॲट्रिब्यूट मास्किंग बंद केले, तर स्काउटिंगचा निम्मा अर्थच निघून जातो. म्हणून ते चालू असावे. दुसरी गोष्ट डेटाबेसच्या आकाराची. तो लहान ठेवला, तर न निवडलेल्या देशांतील बरेच खेळाडू गेममध्ये भरलेच जात नाहीत आणि मग कितीही चांगला स्काउट पाठवला, तरी त्याला तिथे शोधण्यासारखे फारसे उरत नाही. संगणक झेपवत असेल, तर मोठा डेटाबेस घ्यावा.

आधी गरज लिहून काढा

खेळाडू शोधायला बसण्यापूर्वी आपल्याला कोण हवा आहे, हे एका परिच्छेदात लिहिता आले पाहिजे. ‘एक चांगला लेफ्ट बॅक’ हे वर्णन निरुपयोगी आहे. ‘मैदानाच्या वरच्या भागात प्रेसिंग करणाऱ्या (चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्यावर दाब आणणाऱ्या) संघासाठी संपूर्ण डावी बाजू एकट्याने सांभाळणारा, 24 वर्षांपर्यंतचा, पहिल्या हंगामापासून नियमित खेळणारा आणि संघातील सरासरी वेतनात बसणारा लेफ्ट बॅक’ या वर्णनाने मात्र शोधाची दिशा ठरते.

त्यानंतर भूमिकेसाठी अत्यावश्यक असे पाच-सहाच गुण निवडावेत आणि प्रत्येकाची किमान पातळी ठरवावी. भूमिकेवर क्लिक केले की गेम दहा-बारा गुण उजळून दाखवतो. ते सगळेच अत्यावश्यक मानले, तर एकही खेळाडू परवडत नाही. वरील लेफ्ट बॅकसाठी मी वेग, प्रवेग, दमसास, वर्क रेट, पोझिशनिंग आणि क्रॉसिंग एवढेच धरीन. या गेमच्या मॅच इंजिनमध्ये, म्हणजे सामना घडवणाऱ्या भागात, वेग आणि प्रवेग यांचे महत्त्व वर्षानुवर्षे मोठे राहिले आहे आणि बाजूने खेळणाऱ्यांच्या बाबतीत तर त्यांवर तडजोड करणे सहसा महागात पडते. किमान पातळी मनाने ठरवू नये. टीम रिपोर्टमधील तुलनेच्या पानावर आपला संघ प्रत्येक गुणात लीगमध्ये कितव्या स्थानी आहे, ते दिसते. दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये 12 चा वेग पुरेसा असू शकतो. वरच्या श्रेणीत त्याच वेगाच्या बचावपटूला प्रत्येक विंगर मागे टाकतो.

गरजेच्या याच टिपणात नियमांची चौकटही यावी, कारण नियमात न बसणाऱ्या खेळाडूमागे स्काउटचे महिने वाया घालवण्यात अर्थ नाही. प्रीमियर लीगमध्ये 25 जणांच्या नोंदणीत ‘होमग्रोन’ (तरुणपणी तिथल्याच क्लबांत घडलेले) नसलेले जास्तीत जास्त 17 खेळाडू चालतात आणि 21 वर्षांखालील खेळाडू त्या संख्येबाहेर राहतात. युएफाच्या, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाच्या, स्पर्धांत 25 पैकी 8 जागा स्थानिक पातळीवर घडलेल्यांसाठी राखीव असतात. 2021 पासून इंग्लंडमधील क्लबांना परदेशी खेळाडूसाठी गुणपद्धतीची मान्यता घ्यावी लागते आणि 18 वर्षांखालील परदेशी खेळाडू घेताच येत नाहीत. तुम्ही ज्या देशात खेळता, तेथील नियमांचे पान गेममध्येच असते; ते शोध सुरू करण्यापूर्वी एकदा नीट वाचावे.

स्काउट निवडणे आणि त्यांना कामाला लावणे

स्काउटच्या पानावरील दोन गुण निर्णायक असतात: सध्याची क्षमता ओळखण्याचा, म्हणजे जजिंग प्लेयर अबिलिटी, आणि संभाव्य क्षमता ओळखण्याचा, म्हणजे जजिंग प्लेयर पोटेन्शियल. दोन्हींत 15 च्या वर असलेला स्काउट लहान क्लबला क्वचितच मिळतो. त्यामुळे एकाकडे पहिला गुण आणि दुसऱ्याकडे दुसरा गुण उत्तम, अशी जोडी जमवणे शहाणपणाचे. पहिल्याला लगेच संघात खेळवायच्या खेळाडूंमागे लावावे आणि दुसऱ्याला तरुणांच्या शोधात पाठवावे. दूरदेशी पाठवायच्या स्काउटची ॲडॅप्टॅबिलिटीही पाहावी, कारण अनोळखी देशात लवकर रुळणे त्याच्या कामासाठी गरजेचे असते. प्रत्येक स्काउटला कोणत्या देशांची किती माहिती आहे, हे त्याच्या पानावर लिहिलेले असते आणि क्लबचे एकूण ज्ञान सर्वांच्या माहितीतून तयार होते. म्हणून एकाच देशाचे तीन जाणकार नेमण्यापेक्षा वेगवेगळ्या भागांचे जाणकार नेमावेत.

रिक्रूटमेंट ॲनालिस्टकडे अनेक जण दुर्लक्ष करतात, आणि ते मला पटत नाही. स्काउट गुण आणि स्वभाव यांबद्दल सांगतो, तर ॲनालिस्ट खेळाडूने प्रत्यक्षात काय केले, त्याची आकडेवारी समोर ठेवतो. एकाचे म्हणणे दुसऱ्याकडून तपासून घेता यावे, यासाठीच हे दोघे हवेत.

काम देताना रिक्रूटमेंट फोकस, म्हणजे स्काउटला दिलेले शोधाचे काम, जितका नेमका, तितके उत्तर चांगले. जागा, भूमिका, वयोमर्यादा, किमान दर्जा आणि व्यवहाराचा प्रकार या सर्व रकान्यांत आपल्या टिपणातील मजकूर उतरवावा. ‘कोणतीही जागा, कुठलाही देश’ असे मोघम काम दिले, की इनबॉक्स भरतो आणि त्यातून निर्णय काही निघत नाही. तरुणांसाठी देशापेक्षा स्पर्धा नेमून देणे अधिक फलदायी ठरते. 17 किंवा 20 वर्षांखालील खंडीय स्पर्धेला एक स्काउट पाठवला, तर थोड्याच आठवड्यांत अनेक देशांतील निवडक मुले एकाच ठिकाणी पाहून होतात. पुढच्या काही हंगामांत डेटाबेसमधील खऱ्या खेळाडूंची जागा न्यूजेन, म्हणजे गेमने स्वतः निर्माण केलेले खेळाडू, घेऊ लागतात, तेव्हा ही सवय फार उपयोगी पडते. युरोपातील बहुतेक देशांत नव्या मुलांची तुकडी मार्चच्या आसपास येते, हे लक्षात ठेवून त्यानंतरच्या महिन्यांत तरुणांचा शोध वाढवावा.

वेळेचा हिशेब हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. उन्हाळी विंडोसाठी गरज हिवाळ्यातच निश्चित करावी. एका खेळाडूची पूर्ण माहिती मिळायला अनेक आठवडे लागतात, आणि स्काउट एकाच वेळी सर्वांना पाहू शकत नाही. विंडो उघडल्यावर सुरू केलेले स्काउटिंग जेमतेम अर्ध्या माहितीपर्यंत पोहोचते. लवकर सुरुवात केल्याचा आणखी एक फायदा असा की, करार संपत आलेले खेळाडू नजरेस पडतात. युरोपीय न्यायालयाच्या 1995 च्या बोस्मान निकालानंतर रूढ झालेल्या पद्धतीप्रमाणे शेवटच्या सहा महिन्यांत परदेशी क्लब अशा खेळाडूशी थेट आगाऊ करार करू शकतो आणि ट्रान्सफर फी वाचते.

अहवाल कसा वाचावा

अहवालातील सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे तारे, आणि त्यांच्यावरच सर्वांत कमी विसंबावे. तारे सापेक्ष असतात; ते तुमच्या सध्याच्या संघाच्या तुलनेत दिलेले असतात. तळाच्या क्लबमध्ये चार तारे मिळवणारा खेळाडू तुम्ही मोठ्या क्लबमध्ये गेलात की दोन ताऱ्यांवर येतो, जरी त्याच्या खेळात काडीचाही बदल झालेला नसला तरी. शिवाय तारे हे त्या विशिष्ट स्काउटचे मत असते आणि त्याची पारखण्याची क्षमता 9 असेल, तर त्या मतालाही तेवढेच वजन द्यावे. अनिश्चितता वेगळ्या रंगाच्या ताऱ्यांनी दाखवली जाते. अडीच भरीव तारे आणि त्यापुढे दोन वेगळ्या रंगाचे तारे असतील, तर अहवाल ‘साडेचार’ म्हणत नाही. ‘अडीच ते साडेचार यांच्या दरम्यान कुठेतरी’ असे म्हणतो. शिफारशीच्या श्रेणीलाही हेच लागू होते.

याउलट गुणांचे आकडे हे मत नसते. माहिती अपुरी असताना ते 9–14 असे पट्ट्याच्या रूपात दिसतात किंवा दिसतच नाहीत. माहिती पूर्ण झाली की पट्टा एका आकड्यावर येतो आणि तो आकडा खरा असतो. म्हणजे पूर्ण अहवालात गुण पक्के असतात, तारे मात्र तेव्हाही अंदाजच राहतात. हा फरक एकदा मनात पक्का बसला, की अहवाल वाचण्याची रीतच बदलते.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, प्रेसिंग करणाऱ्या संघासाठी चेंडू हिसकावून घेणारा मिडफिल्डर हवा आहे. टॅकलिंग, अँटिसिपेशन (पुढे काय होणार ते ओळखणे), वर्क रेट आणि दमसास यांत किमान 13 आणि डिसिजन्समध्ये (योग्य निर्णय घेण्यात) किमान 12, अशी तुमची अट आहे. 21 वर्षांचा एक उमेदवार सापडतो आणि त्याची सुमारे निम्मी माहिती मिळालेली आहे. अहवालात टॅकलिंग 13–16, वर्क रेट 14–18, दमसास 13–17, अँटिसिपेशन 10–15 आणि डिसिजन्स 8–13 असे पट्टे दिसतात. साडेतीन तारे पाहून मन उचल खाते. पण येथे प्रत्येक पट्ट्याचे खालचे टोक पाहावे. पहिले तीन गुण तळाच्या आकड्यावर उतरले, तरी अट पूर्ण होते. त्यांच्याबद्दल आणखी शोध घेण्याची गरज नाही. अँटिसिपेशन आणि डिसिजन्स यांची खालची टोके मात्र अटीच्या बरीच खाली आहेत आणि याच दोन गुणांवर या भूमिकेचे यश अवलंबून आहे. चुकीच्या क्षणी पुढे झेपावणारा दमदार मिडफिल्डर आपल्याच बचावफळीसमोर मोकळी जागा सोडतो.

म्हणजे आता उरलेला प्रश्न एवढाच आहे: ते दोन आकडे किती? त्यासाठी स्काउटला पुन्हा पाठवावे. काही आठवड्यांनी समजा अँटिसिपेशन 14 आणि डिसिजन्स 9 आले. आता निर्णय तुमच्या हाती आहे. 21 व्या वर्षी मानसिक गुण वाढायला वाव असतो, त्यामुळे दोन हंगामांनी उपयोगी पडेल असा खेळाडू म्हणून तो चांगला आहे. उद्यापासून मैदानात उतरवायचा म्हणून नाही. त्याची किंमत आणि वेतन त्या हिशेबानेच ठरवावे. खालच्या टोकाला साजेशी रक्कम मोजावी आणि वरचे टोक निघालेच, तर तो फायदा समजावा.

अहवालातील अनुकूल आणि प्रतिकूल मुद्द्यांची यादी अनेक जण चाळून पुढे जातात. वास्तविक छुप्या गुणांपर्यंत पोहोचण्याचा तो सर्वांत सरळ मार्ग आहे. ‘सातत्याने चांगला खेळतो’, ‘मोठ्या सामन्यांत खुलतो’, ‘वारंवार जखमी होतो’, ‘नव्या देशात रुळायला त्रास होईल’ या आशयाचे शेरे कन्सिस्टन्सी, इम्पॉर्टंट मॅचेस, इंज्युरी प्रोननेस आणि ॲडॅप्टॅबिलिटी या न दिसणाऱ्या आकड्यांवरून लिहिलेले असतात. शेरा नसणे म्हणजे गुण मध्यम असणे किंवा माहिती अजून अपुरी असणे. त्यामुळे पूर्ण अहवाल येईपर्यंत ‘प्रतिकूल काही नाही’ याचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा घेऊ नये.

स्वभाव आणि दुखापती

खेळाडूचे व्यक्तिमत्त्व एका शब्दात दिलेले असते आणि तो शब्द व्यावसायिकता, महत्त्वाकांक्षा, निष्ठा, दडपण सोसण्याची ताकद अशा अनेक छुप्या आकड्यांच्या मिश्रणातून ठरतो. ‘मॉडेल प्रोफेशनल’, ‘मॉडेल सिटिझन’, ‘परफेक्शनिस्ट’, ‘रेझोल्यूट’, ‘ड्रिव्हन’ हे शब्द दिसले की, मुलगा प्रशिक्षणात मेहनत घेईल, असे समजून चालावे. ‘स्लॅक’ किंवा ‘कॅज्युअल’ दिसले तर पीए कितीही मोठा असो, तो कागदावरच राहण्याची शक्यता बरीच. ‘बॅलन्स्ड’ या शब्दावरून फारसे कळत नाही. अशा वेळी पत्रकारांशी वागण्याची शैली आणि पडद्यावर दिसणारे डिटर्मिनेशन (जिद्द) यांवरून अंदाज घ्यावा. डिटर्मिनेशन कमी असणे आणि व्यावसायिकता कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाढीच्या दृष्टीने दुसरी अधिक घातक ठरते, आणि नेमकी तीच पडद्यावर थेट दिसत नाही.

वयाचा विचार येथे जोडून करावा. 17–18 वर्षांच्या मुलाचा स्वभाव चांगल्या ज्येष्ठांच्या मेंटरिंग गटात ठेवून बराच सुधारता येतो, म्हणून त्याच्या बाबतीत थोडी जोखीम पत्करता येते. 27 वर्षांच्या खेळाडूचा स्वभाव जसा आहे तसाच राहील, असे धरून करार करावा.

दुखापतींचा इतिहास खेळाडूच्या पानावर तारखांसह मिळतो आणि तो ओळ न ओळ वाचावा. एकदाच पाय मोडून सात महिने बाहेर राहणे आणि दर दोन महिन्यांनी मांडीचा स्नायू ताणला जाणे यांत फार अंतर आहे. पहिला प्रकार अपघात असू शकतो. दुसरा खेळाडूच्या शरीराबद्दल काहीतरी सांगत असतो. नॅचरल फिटनेस दिसतो, पण तो इंज्युरी प्रोननेसपेक्षा वेगळा गुण आहे. तो मुख्यतः खेळाडू किती लवकर सावरतो आणि उतारवयात शरीर किती काळ टिकवतो, याच्याशी निगडित असतो. तिशीच्या आसपासच्या, वेगावर जगणाऱ्या विंगरला चार वर्षांचा करार देण्यापूर्वी हा आकडा पाहावाच. गोलरक्षक आणि सेंटर बॅक त्या वयात तुलनेने बराच काळ टिकतात.

आकडेवारी आणि प्रत्यक्ष सामना

गुण सांगतात खेळाडू काय करू शकतो. आकडेवारी सांगते त्याने काय केले. दोन्हींत तफावत आढळली, तर तिचे कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्ट्रायकरचे नुसते गोल मोजू नयेत. पेनल्टी वगळून प्रति 90 मिनिटे एक्सजी, म्हणजे मिळालेल्या संधींवरून अपेक्षित गोल, किती आहे, ते पाहावे, म्हणजे तो संधीच्या जागी पोहोचतो की नाही हे कळते. प्रत्यक्ष गोल एक्सजीपेक्षा बरेच जास्त असतील, तर पुढच्या हंगामात ते खाली येण्याची शक्यता धरावी. सेंटर बॅकसाठी हवेत जिंकलेल्या चेंडूंचे प्रमाण, मिडफिल्डरसाठी पुढे नेणारे पास आणि परत मिळवलेले चेंडू, तर गोलरक्षकासाठी अपेक्षेपेक्षा वाचवलेले गोल हे आकडे अधिक बोलके असतात. किमान 900 मिनिटांचा, म्हणजे दहा पूर्ण सामन्यांचा खेळ हाताशी नसेल, तर मी या आकड्यांवर निर्णय घेत नाही. लीगचा दर्जा आणि संघाची शैलीही जमेस धरावी: सतत चेंडू बाळगणाऱ्या संघातील बचावपटूचे टॅकल कमीच दिसणार, त्यात त्याचा दोष नाही. ज्या लीग पूर्ण तपशिलात चालवलेल्या नसतात, तेथील आकडेवारी तुटपुंजी मिळते. तिथे स्काउटच्या अहवालावरच अधिक भर द्यावा लागतो.

मोठी रक्कम गुंतणार असेल, तर त्या खेळाडूचा एक सामना स्वतः पाहावा. चेंडू त्याच्या पायाशी असताना तो काय करतो, हे अहवालात बहुधा आलेले असते. आपला संघ चेंडू गमावतो, त्यानंतरचे पाच-सहा सेकंद तो कुठे धावतो, हे पाहण्यासाठी सामना उपयोगी पडतो. खेळाडूंच्या ठरलेल्या सवयींकडेही लक्ष द्यावे. बाहेरच्या बाजूने धावणारा विंगर हवा असताना आत वळून शॉट मारण्याची सवय असलेला खेळाडू घेतला, तर गुण उत्तम असूनही तो डावपेचात बसत नाही, आणि ती सवय मोडायला वेळ जातो.

पैशांची चौकशी

बोली लावण्यापूर्वी एजंटकडे उपलब्धतेची चौकशी करावी. त्याला काही खर्च येत नाही आणि वेतनाची अपेक्षा, हवी असलेली संघातील जागा आणि खेळाडूला यायचे आहे की नाही, हे तीन प्रश्न एकदम सुटतात. ज्याला पहिल्या दिवसापासून ‘इम्पॉर्टंट प्लेयर’ म्हणून यायचे आहे, त्याला बदली खेळाडू म्हणून आणले, तर काही महिन्यांतच तक्रार दारात येते. खेळाडूची अंदाजे किंमतही कमी माहिती असताना पट्ट्याच्या रूपात दिसते आणि माहिती वाढत जाते तसा तो पट्टा अरुंद होतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यात दिसलेल्या किमतीवरून अंदाजपत्रक आखू नये.

एवढे करूनही काही शंका शिल्लक राहतातच. त्यांचे ओझे कराराच्या अटींवर टाकता येते. दुखापतीची भीती असेल, तर मूळ वेतन कमी ठेवून सामन्यागणिक मानधन वाढवावे. क्षमतेबद्दल शंका असेल, तर रोख रक्कम कमी देऊन ठरावीक सामन्यांनंतर देय होणारी रक्कम किंवा पुढील विक्रीतील वाटा देऊ करावा. खेळाडू फसला, तर तो पैसा जातच नाही. परदेशात रुळण्याची शंका असेल, तर खरेदीचा पर्याय ठेवून लोनवर घेणे हा सर्वांत स्वच्छ मार्ग. फक्त तो पर्याय ऐच्छिक आहे, बंधनकारक नाही, याची सही करण्यापूर्वी खात्री करावी. करार नसलेले खेळाडू किंवा लहान क्लबांतील तरुण यांना चाचणीसाठी बोलावता येते. ते तुमच्याच मैदानावर सराव करत असल्यामुळे प्रशिक्षकांना त्यांची माहिती फार लवकर मिळते. खालच्या लीगमध्ये, जिथे एकच स्काउट आणि नावापुरता निधी असतो, तिथे मी चाचणीला स्काउटिंगच्याही आधी ठेवीन.

सही झाल्यावर तो अहवाल टाकून देऊ नये. अर्ध्या हंगामानंतर प्रशिक्षकांचा अहवाल आणि स्काउटचा जुना अहवाल शेजारी ठेवून पाहावेत: कोणाचे तारे जास्त निघाले, कोणाचे कमी, स्वभावाबद्दलचा कोणता शेरा खरा ठरला. काही विंडोंनंतर कोणता स्काउट तरुणांना नेहमी एक तारा जास्त देतो आणि कोणाच्या ‘नको’ या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवावा, हे स्पष्ट होते. कराराची मुदत संपणाऱ्या स्काउटांपैकी कोणाला ठेवायचे, हे त्यावरूनच ठरवावे.